ही बाई दमत का नाही?

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात आमच्या कार्यालयाच्या पत्र्याच्या खोलीत अकरा बायका एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीनं बसल्या होत्या. सगळ्या ऊसतोडीला जाणाऱ्या. पडद्यावर त्यांचंच गाणं लागणार होतं, म्हणून काही जणी लेकीसुनांनाही घेऊन आल्या होत्या. तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाज त्यांचा. चित्रं मात्र शहरातल्या एका स्टुडिओनं काढलेली आणि हलवलेली. गाणं संपलं. टाळ्या झाल्या नाहीत. जरा वेळानं त्यांच्यातली सगळ्यात वडीलधारी बाई म्हणाली, "ताई, ही बाई दमत कशी नाही?"

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली. संवादमाध्यमांच्या पेपरात मला चांगले गुण होते. पोस्टर, पथनाट्य, फ्लॅश कार्ड, कळसूत्री बाहुल्या, सगळं शिकून मी या कामात आले आणि दहा-अकरा वर्षं तेच वापरत आले. तरी हा व्हिडिओ मी आधी दोनदा पाहिला तेव्हा हा प्रश्न मला पडला नव्हता. "छान झालंय" असं मी स्टुडिओला कळवूनही टाकलं होतं. म्हणजे हा लेख ज्यांच्यावर टीका करणार आहे त्यांच्यात मीही आहे, हे आधी सांगते.

गाणं कुठून आलं

दोन दिवसांच्या शिबिरात हे गाणं तयार झालं. विषय कुणी दिला नव्हता. बोलणं कोयत्यावरून सुरू झालं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. उचल मिळते ती कोयत्याला, आणि ती घेतो नवरा. बाई हिशेबात येते ती अर्धी. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे दंड. पाळी आली तरी खाडा, मूल आजारी पडलं तरी खाडा. मग कुणीतरी सांगतं की पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढलेल्या बायकांचा प्रश्न 2019 साली एवढा गाजला की शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या अकराजणींपैकी चौघींची पिशवी काढलेली आहे. हे सगळं गाण्यात आलं, आणि पहाटे कोपीतून निघण्यापासून रात्री ट्रक भरेपर्यंतचा एक दिवसही आला.

गाणं लोकांपर्यंत जावं असं बायकांनाच वाटत होतं. पण कॅमेऱ्यासमोर यायला एकही तयार नव्हती. कारण साधं होतं. चेहरा दिसला की मुकादम ओळखणार, आणि पुढच्या हंगामाची उचल मिळणार नाही. तेव्हा मीच सुचवलं, चित्रं काढून करू या, ॲनिमेशन. एका देणगीदार संस्थेनं पैसे दिले, तिनंच स्टुडिओ ठरवला. चेहरा लपवून खरं सांगता येईल असं माध्यम सापडलं, या आनंदात आम्ही होतो.

काय काढलं होतं

आता बायकांनी काय पाहिलं ते सांगते. पडद्यावर एक गोरीशी, सडपातळ, मोठ्या डोळ्यांची तरुणी. तिच्या हातात विळा. "विळ्यानं का ऊस तुटतोय व्हय?" हा पहिला आक्षेप. ती शेतात एकटीच. "ही एकलीच कशी? टोळी कुठं गेली?" तिच्या डोक्यावर मोळी नाही, पाठीला मूल नाही. पाचट अंगाला लागून चिरे पडतात ते हातावर नाहीत. ट्रकला लावलेल्या फळीवरून मोळी घेऊन चढणं, जे या कामातलं सगळ्यात जीवघेणं, ते कुठंच नाही. पोटावर हात ठेवून ती रडते. शेवटी उजेडातून एक पांढऱ्या बाहीचा पुरुषी हात येतो, तिला उठवतो, आणि सूर्य उगवतो. गाण्यात असा हात कुठंही नव्हता.

पण म्हातारीचा प्रश्न या सगळ्याच्या पलीकडचा होता. ती म्हणत होती, ही दमत कशी नाही? मी परत लावून पाहिलं आणि तेव्हा कळलं. विळा वर जातो, खाली येतो, वर जातो, खाली येतो. पहाटेच्या कडव्यात जसा, तसाच रात्रीच्या कडव्यात. तीच आठ-दहा चित्रं पुन्हा पुन्हा फिरवलेली. या धंद्यात याला लूप म्हणतात. एकदा काढलं की कितीही वेळ चालवता येतं, पैसे वाचतात. फक्त मागचं आभाळ बदललं होतं. बाई सकाळपासून रात्रीपर्यंत यंत्रासारखी एका लयीत हात चालवते. जिनं तीस हंगाम ऊस तोडला तिला हे खोटं पहिल्या पाहण्यात दिसलं. बाईच्या श्रमांना वजन नसतं, ते आपोआप होत राहतात, असं आपल्या समाजाला वाटतं. त्याच समजुतीचं ते हलतं चित्र होतं.

स्टुडिओचं उत्तर नम्र होतं. लूप ही या माध्यमाची भाषाच आहे, म्हणाले. गाण्याच्या ठेक्याला पुनरावृत्ती शोभते. चेहरा 'सर्वांना आपला वाटेल' असा काढावा लागतो. आणि तुम्ही याकडे माहितीपट म्हणून बघू नका, ही कला आहे.

ठीक आहे, कला म्हणूनच बघू या. मी वाद इथूनच सुरू करते, कारण "कला आहे" म्हटलं की आपल्या चळवळीतल्या बायका गप्प बसतात. आपल्याला वाटतं, ते आपलं क्षेत्र नाही.

कला आहे, म्हणजे काय आहे?

पडद्यावर एका सेकंदाला चोवीस फ्रेम सरकतात. एक चित्र दोन फ्रेमपुरतं वापरलं तरी सेकंदाला बारा चित्रं लागतात. चार मिनिटांच्या गाण्याला दोन हजार आठशे ऐंशी. यातलं प्रत्येक चित्र कुणाच्या तरी हातून उतरलेलं असतं. ॲनिमेशन हे सगळ्यात आधी हातकाम आहे, गोधडीसारखं. गोधडी अंगावर घेणाऱ्याला टाके दिसत नाहीत, तरी ती टाक्यांवरच टिकलेली असते.

गाण्यांच्या व्हिडिओंमधलं ॲनिमेशन म्हटलं की जगभर एक उदाहरण हमखास दिलं जातं. नॉर्वेच्या 'आ-हा' या गटाच्या 'टेक ऑन मी' या गाण्याचा 1985 सालचा व्हिडिओ. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन. एक तरुणी उपाहारगृहात बसून चित्रकथा वाचत असते. पानावरचा पेन्सिलीचा तरुण तिला डोळा मारतो, हात पुढे करतो, आणि ती कागदात शिरते. प्रत्यक्ष चित्रण करून त्यावर फ्रेमन् फ्रेम पेन्सिलीनं गिरवलेली, सुमारे तीन हजार चित्रं, सोळा आठवड्यांचं काम. 1986 च्या एमटीव्ही पुरस्कारांत त्याला सहा बक्षिसं मिळाली.

तो व्हिडिओ आजही सुंदर वाटतो, आणि का वाटतो ते नीट पाहिलं पाहिजे. त्यातली रेष थरथरते. प्रत्येक चित्र नव्यानं काढलेलं असल्यामुळे एक रेष दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. ती थरथर म्हणजे हाताची खूण. काढणारा माणूस होता, त्याला श्वास होता, त्याचा हात अवघडत होता, हे तिथं दिसतं. म्हणजे 'कला आहे' असं ज्याच्याकडे बोट दाखवून सांगायचं, तिथं हात लपवलेला नाही. आमच्या व्हिडिओत हात लपवला होता. काढणाऱ्याचाही आणि तोडणारीचाही. पुनरावृत्तीला माझा विरोध नाही. ओवी पुनरावृत्तीवरच चालते. पण जात्यावरची बाई पहिली ओवी आणि दहावी ओवी एकाच श्वासात म्हणत नाही.

आता त्याच व्हिडिओकडे आपल्या नजरेनं बघू. त्यात दोन बायका आहेत. एक नायिका. तिला कथेत ओढून घेणारा हात पुरुषाचा, संकटातून बाहेर ढकलणाराही तोच. दुसरी बाई त्या उपाहारगृहातली वाढपीण. नायिका पैसे न देता निघून गेली असं वाटून ती ती चित्रकथा चुरगाळून टोपलीत फेकते, आणि तिथून कथेतलं संकट सुरू होतं. म्हणजे त्या सगळ्या सुंदर जगात जी बाई प्रत्यक्ष काम करते, तिच्याच वाट्याला खलनायकी येते! बिल बुडालं तर ते तिच्या पगारातून जाईल का, हे कुणी विचारत नाही.

आणि ती तीन हजार चित्रं? ते काम मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर या जोडीचं. रेकिंगर ही बाई. प्रत्यक्ष चित्रण आणि रेखाटन एकमेकांत मिसळण्याच्या कामात तिचा मोठा वाटा. पण गाणं आठवतं गायकाच्या नावानं, व्हिडिओ आठवतो दिग्दर्शकाच्या नावानं. चित्रं काढणाऱ्यांपर्यंत यायच्या आतच सांगणाऱ्याचा श्वास संपतो.

नावं गळतात कशी

हे एका व्हिडिओपुरतं असतं तर मी लिहिलं नसतं. एमटीव्ही वाहिनी 1 ऑगस्ट 1981 रोजी सुरू झाली आणि गाण्याला चित्राची जोड तेव्हापासून मिळाली, असं सर्रास समजलं जातं. त्याच्या सत्तेचाळीस वर्षं आधी, 1934 साली, मेरी एलन ब्यूट या अमेरिकन बाईनं 'ऱ्हिदम इन लाइट' हा लघुपट केला. संगीताबरोबर हलणारे आकार आणि प्रकाश, बस्स. तिचे लघुपट न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये मोठ्या चित्रपटांच्या आधी हजारो लोकांनी पाहिले. त्याच्याही आधी, 1933 साली, मुसोर्गस्कीच्या संगीतावर 'नाइट ऑन बाल्ड माउंटन' हा लघुपट झाला. पांढऱ्या पाटीत हजारो टाचण्या खुपसायच्या, त्या आतबाहेर ढकलून त्यांच्या सावल्यांतून चित्र उभं करायचं, अशी त्याची रीत. अलेक्सांद्र अलेक्सेयेफ आणि क्लेअर पार्कर या नवराबायकोचं हे काम. पार्कर एमआयटीत शिकलेली. टाचण्यांच्या त्या पाटीचं पेटंट 1935 साली तिच्या नावावर झालं. कागदावर तिचं नाव होतं, तरी बोलण्यात ती पाटी त्याची झाली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात 1949 साली 'बिगॉन डल केअर' हा लघुपट झाला. ऑस्कर पीटरसनच्या पियानोवर, कॅमेरा न वापरता, थेट फिल्मच्या पट्टीवर रंग लावून, ओरखडे काढून. रंग सुरांबरोबर नाचतात. कलेच्या पुस्तकांत तो नॉर्मन मॅक्लॅरेनचा लघुपट म्हणून येतो. तो एव्हलिन लॅम्बार्टचाही तेवढाच आहे. दिग्दर्शनात दोघांची नावं आहेत. आणि लॅम्बार्टला लहानपणापासून ऐकू कमी येत होतं. संगीताची चित्रं काढणारी, नीट ऐकू न येणारी बाई! ही गोष्ट शाळाशाळांत सांगायला हवी. पण नाव उरलं ते दुसऱ्याचं.

आणि जिथं बायका शेकड्यानं होत्या तिथं? डिस्नेच्या स्टुडिओत 1930 च्या दशकात शाई आणि रंगाचा वेगळा विभाग होता, तिथं बायका. 1937 सालचा 'स्नो व्हाइट' हा गाण्यांनी भरलेला चित्रपट त्यांच्या हातांखालून गेला. पुरुषांनी काढलेली चित्रं सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर शाईनं गिरवायची, उलट्या बाजूनं रंग भरायचे. दुसऱ्याच वर्षी, 1938 साली, एका मुलीनं त्या स्टुडिओकडे प्रशिक्षणासाठी अर्ज केला. तिला आलेलं उत्तर आज प्रसिद्ध आहे. सर्जनशील काम फक्त तरुण पुरुष करतात, म्हणून त्या प्रशिक्षणासाठी मुलींचा विचार होत नाही. बायकांना मिळेल ते शाईचं आणि रंगाचं काम, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

एका लयीत, न थकता, न चुकता हात चालवणं ते बाईचं काम. सर्जन ते पुरुषाचं. बीडच्या फडातला अर्धा कोयता आणि हॉलिवूडमधला शाईचा कुंचला यांत फार अंतर आहे, हे मला कळतं. एका ठिकाणी जीव जातो, दुसरीकडे नाव जातं. पण हिशेब मांडणाऱ्याची लेखणी एकाच वळणाची आहे.

आपल्याकडेही

1974 साली फिल्म्स डिव्हिजननं काढलेला 'एक अनेक और एकता' हा लघुपट दूरदर्शनवर इतक्या वेळा लागला की माझ्या आधीच्या पिढीला तो तोंडपाठ आहे. जाळ्यासकट उडणाऱ्या चिमण्या कुणाला आठवत नाहीत? संगीत वसंत देसाईंचं, आवाज तेव्हा लहान असलेल्या साधना सरगमचा, ॲनिमेशन भीमसेन यांचं. पण तो लघुपट ज्या बाईनं दिग्दर्शित केला त्या विजया मुळे यांचं नाव आपल्या बैठकांत विचारून पाहा. मी विचारलं. वीसजणींत एकीला माहीत होतं. मुंबईत जन्मलेल्या या बाईनं देशातली फिल्म सोसायटीची चळवळ उभी करायला हातभार लावला, शिक्षणासाठी चित्रपट वापरले. 2019 साली त्या गेल्या. त्या लघुपटात 'एक' आणि 'अनेक' यांचा अर्थ भावाला समजावून सांगते ती थोरली बहीण, हेही कधी आपल्या लक्षात आलं होतं का?

आपल्या कार्यकर्त्यांचा एक लाडका आक्षेप आहे की कार्टून म्हणजे पोरांचा खेळ, त्यात गंभीर प्रश्न पातळ होतो. त्यांना 'मीना' आठवत नाही का? युनिसेफनं 1990 च्या दशकात दक्षिण आशियासाठी तयार केलेली, मुंबईच्या राम मोहन यांनी घडवलेली ती मुलगी. तिला शाळेत पाठवत नाहीत म्हणून ती मिठू पोपटाला शाळेत पाठवते आणि त्याच्याकडून पाढे शिकते. वस्तीतल्या बायका ते बघून हसल्या आणि मग घरात भांडल्या. प्रश्न पातळ झाला नाही.

आणि काम करणाऱ्या बाईच्या हातचं चित्रच हलवता येतं, याचाही दाखला आहे. नीना सबनानी यांनी 2009 साली केलेला 'टांको बोले छे'. कच्छमधल्या कारागीर बायकांनी स्वतःच्या स्थलांतराची गोष्ट कापडावर टाक्यांनी मांडली, आवाज त्यांचाच, आणि तेच टाके पडद्यावर हलले. तो गाण्याचा व्हिडिओ नाही, पण वाट तीच आहे. बाईवर चित्र काढण्याऐवजी बाईनं काढलेलं चित्र चालतं करायचं. मुंबईच्या जे.जे.मधून शिकलेल्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' हा 2006 सालचा लघुपट जवळजवळ एकटीनं रंगवला, एका म्हाताऱ्या बाईचा आणि तिच्या मांजरीचा. म्हातारी बाई ॲनिमेशनची नायिका होऊ शकते. ती गोरी, मोठ्या डोळ्यांची असावी लागत नाही. तेव्हा 'सर्वांना आपला वाटेल असा चेहरा' ही सबब मला सांगू नका. सर्वांना म्हणजे कुणाला?

आमची भांडणं

आमच्या गटात यावरून फूट पडायची वेळ आली. एका बाजूचं म्हणणं असं की संदेश पोचला ना, मग विळा की कोयता यानं काय फरक पडतो? देणगीदाराची मुदत संपत आलीय, पुढच्या वर्षीचं अनुदान त्यावर आहे. ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांना रेषेची थरथर शिकवणार का? हे बोलणाऱ्या मैत्रिणी वाईट नाहीत. आमच्या तीन कार्यकर्त्यांचे पगार त्या अनुदानातून निघतात.

मी त्यांना एवढंच म्हटलं की रेषेची थरथर आम्ही शिकवली नाही. ती त्यांनी आम्हाला दाखवली. 'ही दमत कशी नाही' या प्रश्नाइतकी नेमकी समीक्षा मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. गरीब बाईला पोट असतं तसे डोळेही असतात. तिला संदेश कळतो आणि खोटंही कळतं. आपण 'सहभाग' हा शब्द प्रत्येक अहवालात लिहितो. मग चित्रात कोयता कसा धरायचा हे ठरवताना तो सहभाग कुठं जातो?

शेवटी आम्ही देणगीदाराला लेखी कळवलं की बायकांची संमती नाही, चार दुरुस्त्या केल्याशिवाय व्हिडिओ दाखवू नये. पैसे संपले आहेत, असं उत्तर आलं. 8 मार्चला शहरातल्या एका सभागृहात तो दाखवला गेला. त्या दिवशी त्या अकराही जणी फडात होत्या. श्रेयनामावलीत देणगीदार, स्टुडिओ, दिग्दर्शक, संगीत संयोजक, सगळे होते. गाण्यापुढे लिहिलं होतं, 'पारंपरिक'. दोन दिवसांच्या शिबिरात, माझ्यासमोर, शब्दाशब्दाला भांडून केलेलं गाणं पारंपरिक! बाईनं काहीही रचलं की त्याला परंपरेच्या नावावर टाकायचं, म्हणजे कुणाला विचारायला नको.

इथं कुणी म्हणेल, तुम्हालाच नावं नको होती ना, मुकादमाच्या भीतीनं? बरोबर. हा खरा पेच आहे. नाव द्या अशी मागणी करायची आणि नाव लपवायचंही. पण चेहरा झाकणं वेगळं आणि कर्तेपण पुसणं वेगळं. बाई कोणत्या नावानं येणार हे तिनं ठरवायचं. आम्ही बायकांना विचारलं होतं. खूप हशा झाला आणि मग त्यांनी सांगितलं, लिहा, 'गाणं : अकरा अर्धे कोयते'. हे नाव आम्ही स्टुडिओला कळवलंही होतं. त्यांना ते अपुरं वाटलं की बोचरं वाटलं, कुणास ठाऊक.

हल्ली आणखी एक सांगतात, आता चित्र काढायला हातच लागत नाही. यंत्राला दोन ओळी लिहून दिल्या की ते हलतं चित्र तयार करतं, खर्चही वाचतो. आमच्या वादाच्या मध्यावर हाही सल्ला मिळाला. मी करून पाहिलं. 'ऊस तोडणारी बाई' असं लिहिलं तर जी बाई आली ती पुन्हा गोरीशी, एकटी, हसतमुख. यंत्र शिकलं ते आधी काढलेल्या चित्रांवरून. ज्या चित्रांत आपण नव्हतोच, त्यांतून आपण कशा निघणार?

म्हणून काय करायचं

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी तुमच्या वस्तीतल्या गाण्याचा ॲनिमेटेड व्हिडिओ करून देतो म्हणाला, तर नाही म्हणू नका. माध्यम आपल्या कामाचं आहे. चेहरा झाकून खरं सांगणारं दुसरं एवढं चांगलं साधन मला माहीत नाही. पण करार करताना चार गोष्टी लिहून घ्या. पहिली, पैसे मोजण्याआधी कच्ची चित्रं, म्हणजे स्टोरीबोर्ड, ज्यांचं गाणं त्यांना दाखवायचा, आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी पैसे बाजूला ठेवायचे. दुसरी, चित्रकारानं निदान दोन दिवस कामाच्या जागी येऊन राहायचं. कोयता हातात धरून बघायचा. तिसरी, श्रेयनामावलीत गाणं कुणाचं, चाल कुणाची, आणि चित्रं काढणारे, रंग भरणारे हात कुणाचे, हे सगळं यायचं. त्या स्टुडिओतही संगणकासमोर रात्ररात्र बसलेल्या मुली असतील, त्यांचीही नावं आपण मागायची. चौथी, बायकांची संमती नसेल तर व्हिडिओ दाखवायचा नाही, मग मुदत कुणाचीही संपो.

आणि जमेल तिथं, आपणच काढायचं. हंगामाला निघायच्या आधीचे चार दिवस त्या बायकांनी आमच्या खोलीत काढले. जुन्या छापील अर्जांचे पाठकोरे कागद होते, चुलीतला कोळसा होता. दहावीतल्या एका मुलीनं मोबाइल स्टुलाला उलटा बांधला आणि एकेक चित्राचा फोटो काढला. सेकंदाला आठ चित्रं धरली. नऊ सेकंद झाले, म्हणजे बहात्तर चित्रं, अकराजणींनी वाटून घेतलेली. सुरुवातीला कोयता पाच चित्रांत वर जातो. मग सात लागतात, मग अकरा. शेवटी तो अर्ध्यावर थांबतो, बाई कमरेवर हात ठेवते आणि समोर बघते. चेहरा नाही, नुसता कोळशाचा डाग. रेष इतकी थरथरते की पाहणाऱ्याला आपलंच मनगट दुखल्यासारखं वाटतं.

म्हातारीनं ते तीनदा लावायला सांगितलं. "आता दमली," म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

ते नऊ सेकंद आमच्याकडे आहेत. कुठल्या गटाला दाखवायचे असतील तर जरूर कळवा. मात्र आधी आम्ही त्या अकराजणींना विचारू. त्या फडात असतील, तर परत येईपर्यंत थांबावं लागेल.